गोल ओठांचा 'अ'

'अ' हा आपल्या वर्णमालेतला पहिला स्वर, आणि सर्वांत दुर्लक्षितही तोच. आ, ई, ऊ, ए यांना काना, वेलांटी, उकार, मात्रा असे काहीतरी चिन्ह आहे. 'अ'ला काहीच नाही. व्यंजनाच्या पोटात तो गुपचूप बसतो. 'घर' लिहिताना घ आणि र दिसतात, अ दिसत नाही. जे दिसत नाही ते सगळीकडे सारखेच असणार, असे आपण धरून चालतो. पण मराठवाड्यातला माणूस पहिल्यांदा गोव्यात जातो आणि तिथल्या बाजारात कोणी त्याला 'देव बरें करूं' म्हणून निरोप देतो, तेव्हा त्याच्या कानाला काहीतरी वेगळे लागते. 'बरें'मधला ब थोडा 'बो'कडे झुकलेला, 'करूं'मधला क थोडा 'को'कडे. त्याला पूर्ण 'बोरें' म्हणता येत नाही आणि आपल्यासारखे 'बरें'ही म्हणता येत नाही. गोव्यातले ख्रिस्ती बांधव हेच वाक्य रोमन लिपीत लिहितात, तेव्हा ब आणि क या दोन्हींपुढे सरळ 'ओ' अक्षर घालतात. हिंदू शेजारी देवनागरीत लिहितात, तेव्हा तिथे निव्वळ 'अ' असतो. तोंड एक, उच्चार एक, लेखन दोन.

या लहानशा फरकाचा माग काढण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. भाषाशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. वाचनालयातली पुस्तके, रस्त्यावरची माणसे आणि घरातला आरसा एवढीच माझी साधने. या विषयाला आरसा लागतो, हे आधी सांगितले पाहिजे.

आरशातला प्रयोग

आरशासमोर उभे राहून 'घर' म्हणा आणि घ मधला अ लांबवा. जीभ तोंडाच्या मधोमध सैल पडलेली असते; ती पुढे दाताकडे गेलेली नसते की मागे घशाकडे ओढलेली नसते. ओठही सैल, पसरट. आता जीभ जराही न हलवता फक्त ओठ गोल करा, शिट्टी घालण्यापूर्वी करतो तसे. जो आवाज येईल तो 'अ' नव्हे आणि 'ओ'ही नव्हे. 'ओ' म्हणताना जीभ मागे जाते, इथे ती मध्येच राहिली आहे. हाच तो ओठ गोल करून उच्चारलेला मध्य स्वर. कोंकणीच्या अनेक बोलींतला 'अ' असाच असतो, आणि मराठी-हिंदीच्या पसरट 'अ'पासून कोंकणीला वेगळे करणारी ही एक ठळक खूण अभ्यासकांनी नोंदवली आहे. गोव्यातला प्रत्येक अकार असा असतो असे नाही. गाव, जात, धर्म यांनुसार गोलाई कमीजास्त होते.

१८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषदेच्या तक्त्यात या स्वराला स्वतंत्र चिन्ह आहे. रोमन ओ काढायचा आणि त्याच्या पोटातून एक आडवी रेघ मारायची. हे चिन्ह काही एकट्या कोंकणीसाठी नाही. स्वीडनचा माणूस 'भरलेला' या अर्थाचा शब्द उच्चारतो तेव्हा हाच स्वर काढतो. हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत 'वसंत' या शब्दात तो आहे. मंगोलियाच्या लिपीत तर त्यासाठी वेगळे अक्षरच आहे, आणि तेही ओच्या पोटात आडवी रेघ असलेले. पॅरिसचा फ्रेंच माणूस ज्याला आपण 'ल' ऐकतो त्या छोट्या शब्दातला पुसट स्वर ओठ गोल करूनच म्हणतो. जगाच्या इतक्या दूरदूरच्या कोपऱ्यांत, एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या भाषांत हा स्वर स्वतंत्रपणे उगवलेला दिसतो. म्हणजे त्यात विकृत असे काही नाही. तोंडाच्या रचनेतच त्याची जागा आहे. कोणी ती वापरतो, कोणी मोकळी ठेवतो.

आपल्याकडेही 'अ' कुठल्याच काळी एकसारखा नव्हता. पाणिनीच्या अष्टाध्यायीतले अगदी शेवटचे सूत्र फक्त दोन अकारांचे आहे. व्याकरणाच्या सोयीसाठी त्याने ग्रंथभर ऱ्हस्व 'अ' हा 'आ'सारखाच उघड्या तोंडाचा, म्हणजे विवृत, धरला. कारण त्याशिवाय अ आणि आ यांना सवर्ण म्हणता येत नव्हते. ग्रंथ संपताना मात्र त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकले की बोलण्यातला 'अ' संवृत आहे, मिटत्या तोंडाचा. एवढ्या मोठ्या व्याकरणाचा शेवट अक्षर आणि उच्चार यांतले अंतर मान्य करून होतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यानंतर पूर्वेकडे बंगाली आणि ओडियात हाच 'अ' ओठ गोल करून आणि जीभ मागे नेऊन बोलला जाऊ लागला. बंगाली माणसाच्या तोंडी 'रवींद्र'चा 'रोबींद्रो' होतो तो यामुळेच. पश्चिम किनाऱ्यावर गोलाई आली, पण जीभ मध्येच राहिली.

दोन लिप्या, एक तोंड

गोव्यात पोर्तुगीज १५१० साली आले आणि १५५६ साली तिथे छापखाना आला. १५७९ साली गोव्यात पोचलेले इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांनीच रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर १६४० साली निघाले. क्रिस्तपुराणाची भाषा मराठी. त्यात अकारासाठी रोमन 'ए' हे पहिले अक्षर वापरलेले आहे, 'ओ' नव्हे. पोर्तुगीजांनी पणजीचे नाव लिहिले तेही 'प'पुढे हेच अक्षर घालून, 'पांजी'सारखे. आजचा रोमी कोंकणी लिहिणारा मात्र त्याच गावाचे नाव लिहिताना प पुढे 'ओ' लिहितो.

यातून लगेच 'सतराव्या शतकात गोव्याचा अ गोल नव्हता' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. स्टीफन्स यांच्यासमोर मराठी ग्रंथांची घडलेली परंपरा होती आणि तिच्यातला अ त्यांनी त्याच्या नेहमीच्या रोमन अक्षराने लिहिला. तो एका पढीक भाषेचा अ होता, बाजारातल्या बोलण्याचा नव्हे. पोर्तुगीज कारकुनाच्या कानाचे म्हणाल तर, ओळखीच्या दोन स्वरांच्या मधला एखादा अनोळखी स्वर आला की कान त्याला अलीकडे तरी ढकलतो किंवा पलीकडे तरी. कागदावर उरते ती त्या ढकलण्याची खूण.

बाजारातले बोलणे छापील कागदावर ठळकपणे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि तेही गोव्याबाहेर. १८८९ साली एदुआर्द ब्रुनो द सौज यांनी 'उदेंतेचें साळक' हे कोंकणीतले पहिले नियतकालिक काढले ते पुण्याहून. उदेंत म्हणजे पूर्व, साळक म्हणजे कमळ. हे नाव रोमन लिपीत छापले गेले तेव्हा 'साळक'मधल्या ळ पुढे 'ओ' आले. पुण्यातल्या कोणा मराठी वाचकाने ते नाव वाचले असेल तर त्याने 'साळोक' असेच वाचले असणार. चार वर्षांनी, १८९३ मध्ये, मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश मुंबईत छापला गेला. त्यात शब्द देवनागरीत आणि रोमनमध्येही दिले होते. शब्दाचे मूळ सांगायचे तर देवनागरी आणि उच्चार सांगायचा तर रोमन, अशी कामाची वाटणी हळूहळू होत गेली.

पण रोमन लिपीने उच्चार पुरता पकडला का? तसेही झाले नाही. 'मर' आणि 'मोर' हे दोन शब्द घ्या. रोमी कोंकणीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, कारण गोल 'अ' आणि खरा 'ओ' या दोघांनाही एकच अक्षर. देवनागरीत हे दोन वेगळे राहतात. मात्र 'मर'मधल्या ओठांची गोलाई तिथे हरवते. एक लिपी स्वर दाखवते आणि फरक पुसते. दुसरी फरक दाखवते आणि स्वर लपवते.

याहून गमतीची गोष्ट 'चोर' या शब्दाची. कोंकणीत एका चोराला म्हणताना ओ मिटलेला असतो, अनेक चोरांना म्हणताना तो उघडा असतो, जवळजवळ 'ऑ'सारखा. एकवचन-अनेकवचनाचा सगळा भेद त्या ओठांच्या उघडझापीवर उभा आहे. देवनागरीत दोन्ही 'चोर', रोमनमध्येही दोन्ही सारखेच. हा भेद आला कुठून? याचे उत्तर आमच्या हिंगोली जिल्ह्याच्याही जुन्या ओळखीचे आहे. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांच्या काळच्या मराठीत पुल्लिंगी एकवचनी नामांच्या शेवटी उकार असे: देवु, चोरु, ग्रामु. पुढे मराठीतून तो गळाला. गोव्यातही बहुतेक बोलींतून तो गळाला. कर्नाटक-केरळच्या सारस्वतांच्या बोलीत तो अजून ऐकू येतो. गळताना त्याने मागच्या स्वरावर आपली छाप ठेवली. शेवटच्या 'उ'साठी ओठ आधीच मिटायला लागत, म्हणून एकवचनातला 'ओ' मिटलेला राहिला. अनेकवचनात शेवटी अकार होता, म्हणून तिथला 'ओ' उघडला. शेवटचा उ गेला, ओठांची सवय मागे राहिली. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीचा एक अवशेष असा गोव्याच्या बाजारात रोज बोलला जातो, आणि तो कुठल्याच लिपीत लिहिला जात नाही.

दोस्त, रोज, जोर

आता किनाऱ्यावरून आमच्या वारंगा फाट्यावर येऊ. नांदेडहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक फाटा आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जातो. दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे. इथला 'अ' पसरट, त्यात गोलाई नाही. पण गोल मध्य स्वराची एक गोष्ट या रस्त्यावरही आहे, आणि तिचे दुसरे टोक मध्य आशियात आहे.

हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याआधीच्या सुलतानांच्या काळापासून इथले दफ्तर फारसीत चाले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्याची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे फारसी शब्द आमच्या बोलीत खोलवर मुरले. दोस्त, रोज, जोर, गोश्त, पोशाख हे शब्द कोणी पाहुणे मानत नाही. तहसीलमध्ये आणि कोर्टात 'रोजनामा' अजून लिहिला जातो. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्यात 'ओ' आहे.

आजच्या इराणी माणसाला मात्र हा 'ओ' ओळखू येणार नाही. तो 'दूस्त' म्हणतो, 'रूज' म्हणतो, 'जूर' म्हणतो. काबूलकडचा माणूस आपल्यासारखा 'दोस्त', 'रोज' म्हणतो. आणि ताजिकिस्तानात, जिथे फारसीचीच बहीण ताजिक बोलली जाते, तिथल्या प्रमाण उच्चारात या शब्दांमध्ये येतो तो आपला गोल मध्य स्वर: ओठ गोल, जीभ मधोमध. ताजिक लोक विसाव्या शतकात रशियन वळणाच्या लिपीत लिहू लागले, तेव्हा त्यांनी या स्वरासाठी 'उ'च्या अक्षरावर आडवी रेघ देऊन नवे अक्षर केले. दोस्त, रोज, जोर, गोश्त, पोशाख या पाचही शब्दांत ते अक्षर येते.

मूळ एकच, मग तीन ठिकाणी तीन स्वर कसे? जुन्या फारसीत 'ऊ' आणि 'ओ' असे दोन वेगळे दीर्घ स्वर होते. अरबी लिपी स्वीकारल्यावर दोन्ही एकाच अक्षराने, वावने, लिहिले जाऊ लागले, कारण अरबीत असा 'ओ' नव्हताच. व्याकरणकारांनी 'ऊ'ला नाव दिले 'मारूफ', म्हणजे ओळखीचा. आणि 'ओ'ला 'मजहूल', म्हणजे अनोळखी. हाच प्रकार ई आणि ए यांच्या बाबतीतही झाला. जुन्या फारसीत 'शेर' म्हणजे सिंह आणि 'शीर' म्हणजे दूध. लेखन दोन्हींचे एकच. इराणात पुढे उच्चारही एकच झाला. तिथे सिंह आणि दूध दोन्ही 'शीर'. आपण मात्र शेर वेगळा ठेवला आणि ईदच्या दिवशी शेजाऱ्याकडे शीरखुर्मा पितो, तेव्हा त्यातला 'शीर' वेगळा. अक्षराने जे एक केले होते, ते आपल्या कानांनी वेगळे जपले.

म्हणजे इराणने 'ओ' मिटवून 'ऊ' केला, ताजिकिस्तानने तो पुढे सरकवून मध्यात आणला, आणि हिंदुस्थानने, त्यात मराठवाड्याने, जुना होता तसा ठेवला. वारंगा फाट्यावर चहा पिताना एखादा ट्रकवाला दुसऱ्याला 'क्या दोस्त' म्हणून हाक मारतो, तेव्हा त्याच्या तोंडून निघणारा 'ओ' तेहरानच्या बोलण्यापेक्षा जुना असतो. हा माणूस कुठल्याच व्याख्येने शुद्ध फारसी बोलत नाही. तरी त्या भाषेचा एक जुना स्वर त्याच्याकडे शाबूत आहे.

शुद्ध कोणाचे?

हे सारे उगाळण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद गोव्यात आणि महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने गोवा महाराष्ट्रात विलीन होणार नाही हे ठरले, १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ च्या राजभाषा कायद्याने तिला गोव्याची राजभाषा केले आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. त्या वादात अभ्यासकांनी दोन्ही बाजूंनी मोलाचे काम केले. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ मध्ये कोंकणीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अ. मा. घाटगे यांनी १९६३ मध्ये दक्षिण कानड्याच्या कोंकणीचे आणि १९६५ मध्ये कुडाळीचे बारकाईने वर्णन केले. त्यांच्या मालिकेचे नाव मात्र मराठी बोलींचे सर्वेक्षण असे होते.

अभ्यासकांच्या बाहेर हा वाद बहुतेक वेळा उच्चाराच्या टिंगलीवर उतरे. कोंकणी म्हणजे 'बिघडलेली मराठी', कारण त्यांना साधा 'अ' म्हणता येत नाही, तो 'ओ' होतो; हा युक्तिवाद मी आमच्या बाजूला पुष्कळदा ऐकला आहे. त्याचा पाया अक्षर आहे. 'बरें' असे लिहिलेले असताना 'बोरें'सारखे का म्हणता, असा तो सवाल. आणि हाच सवाल पुण्या-मुंबईकडून मराठवाड्याकडेही येतो, 'पानी' आणि 'लोनी' ऐकले की. ज्याला टिंगलीचा अनुभव आहे त्याने तीच टिंगल पुढे ढकलू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

मराठीचा स्वतःचा 'अ' याला साक्ष आहे. जुने 'केलें', 'असें' आपल्या बोलण्यात 'केलं', 'असं' झाले. पुढचा 'ए' सरकून मध्यात आला. कोंकणीने 'केलें' तसेच ठेवले. प्रमाण लेखनाने 'केलं'ला बराच काळ दारात उभे केले. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी संवादात अशा अनुस्वाराची मुभा दिली. मध्याकडे सरकणे हा बिघाड असेल, तर तो आपल्याच तोंडात आधी झाला आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राच्या वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' हे दोन स्वर अधिकृतपणे घेतले, कारण बँक आणि ऑफिस यांच्यावाचून आपले चालत नाही. इंग्रजी शब्दांच्या स्वरांसाठी वर्णमालेने जागा केली. शेजारच्या भाषेतल्या गोल 'अ'साठी नवे अक्षर करा, असे मी म्हणणार नाही. ज्या बोलीत एकच 'अ' आहे तिथे तो गोल असो की पसरट, एका चिन्हात काम भागते. अक्षराचे काम शब्द ओळखू येण्यापुरते असते. ओठांचा हिशेब त्याच्याकडे मागायचा नसतो, आणि अक्षराच्या नावाने ओठांकडेही मागायचा नसतो.

तो हिशेब ठेवण्याची साधने वेगळी आहेत. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली छापला. त्या पाहणीच्या जोडीने १९१३ पासून प्रांतोप्रांतीच्या भाषांचे ग्रामोफोनवर ध्वनिमुद्रणही सुरू झाले, कारण छापील नमुन्याला आवाज नसतो हे उघड होते. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचे नमुने गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रित केले आहेत. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय आहे. आजीकडून एखादी ओवी नुसती लिहून घेऊ नका, तिच्या आवाजात मुद्रित करून ठेवा. लिहून घेतलेल्या ओवीत शब्द मिळतील. आजी कोणता स्वर ओठ मिटून म्हणते आणि कोणता उघडून, ते कागदावर उतरणार नाही. चोरु'तला उकार गेला त्याची नोंद तेव्हा कोणाला सुचली नाही. आजचे जे जाईल त्याची नोंद करता येण्यासारखी आहे.